रिक्षातून फिरून आलेलं रक्त

बाई कोणालाही 'कसे आहात' असं विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "सुट्टीच्या दिवशी कसं वाटतं?" बँकेतला कारकून, बसचा कंडक्टर, संस्थेत आलेले पाहुणे, सगळ्यांना हाच. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे चाकणच्या बाजूचा माणूस भेटला की 'गुरुवारी कसं वाटतं' असा तो प्रश्न व्हायचा. माणसं गोंधळून जायची. कोणी म्हणायचं, बरं वाटतं, सुट्टीच असते ना. मग बाई खुर्ची पुढे ओढून विचारायच्या, बरं म्हणजे मनाला की छातीला?

हा प्रश्न तऱ्हेवाईकपणाचा नव्हता हे कळायला मला काही महिने लागले. कामाच्या जागच्या हवेमुळे होणारा दमा सुट्टीच्या दिवशी उतरतो आणि कामावर गेलं की पुन्हा चढतो. पण कामगाराला डॉक्टरकडे जायला सवड मिळते ती सुट्टीच्याच दिवशी. तेव्हा छाती साफ असते. डॉक्टर सर्दीचं औषध देऊन पाठवतात. बाई म्हणायच्या, दमेकऱ्याला गुरुवारी तपासणं म्हणजे चोर परगावी गेल्यावर त्याच्या घरावर पहारा ठेवणं.

बाई इम्युनॉलॉजिस्ट होत्या. शरीर रोगाशी कसं लढतं आणि कधीकधी उगाचच कसं लढत बसतं, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. दमा हा त्यातला दुसरा प्रकार. आकुर्डीतल्या एका छोट्या संशोधन संस्थेत दुसऱ्या मजल्यावर त्यांची प्रयोगशाळा होती. राहायच्या संत तुकाराम नगरात, एकट्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला एक कापडी पिशवी. पिशवीत प्लॅस्टिकचं एक नळीसारखं साधन कायम असायचं. त्यात जोरात फुंकलं की काटा सरकतो आणि श्वासनळी किती मोकळी आहे ते कळतं. डॉक्टरी भाषेत त्याचं नाव वेगळं आहे, बाई त्याला फुंकणी म्हणायच्या. बसमध्ये शेजारच्या माणसाच्या छातीत शिट्टी ऐकू आली की बाई पिशवीतून फुंकणी काढायच्या. एकदा निगडीच्या थांब्यावर एका ट्रॅफिक हवालदाराला त्यांनी तीनदा फुंकायला लावलं. एरवी दुसऱ्यांना फुंकायला लावणारा तो माणूस निमूटपणे फुंकत होता आणि मी लाजेने दुसरीकडे बघत होते.

मी निघोज्याची. एम.एस्सी. झाल्यावर त्यांच्याकडे मुलाखतीला गेले होते. गुणपत्रिकांची फाईल मी टेबलावर ठेवली, ती त्यांनी उघडलीही नाही. घरी काय करतात एवढंच विचारलं. मी सांगितलं, जमीन कंपन्यांत गेली, उरलेल्या जागेत वडलांनी खोल्या बांधल्या, त्या कामगारांना भाड्याने देतो.

"त्यात स्प्रे पेंटिंग करणारे किती?" बाईंनी विचारलं.

मला माहीत नव्हतं.

"उद्या मोजून ये आणि कामाला लाग."

माझ्या गुणांचा असा अपमान झाल्याचं मला बरेच दिवस वाईट वाटत होतं.

कामाचा विषय मात्र त्यांनी मला एका दुपारी चहा पिताना समजावला. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी बाहेर अतिशय बारीक थेंबुकली सोडत असते. साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसणार नाहीत इतकी बारीक. इंग्रजीत त्यांना एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स म्हणतात. मराठीत पेशीबाह्य पुटिका. बाईंना तो शब्द आवडत नसे, पुटिका म्हटलं की पुटकुळी आठवते म्हणायच्या. त्या त्यांना सरळ पुड्या म्हणायच्या, आणि मग आम्हीही. पूर्वी लोकांना वाटायचं की पेशी त्यातून कचरा बाहेर टाकते. नंतर कळलं की या पुड्यांमधून एक पेशी दुसरीला निरोप धाडते. कारवर, दुचाकीच्या सुट्या भागांवर जो चकचकीत रंग मारतात, त्यातलं हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, हवेत उडून छातीत जातं. श्वासनळीचं अस्तर त्याने डिवचलं जातं आणि वेगळ्याच पुड्या सोडायला लागतं. त्या पुड्या मिळाल्या की लढणाऱ्या पेशी गोळा होतात, सूज येते, नळी आवळते.

बाईंचा डाव असा होता की या पुड्या रक्तात पकडायच्या. तसं जमलं तर धाप लागायच्या आधीच माणसाला सावध करता येईल. कारण एकदा हा दमा मुरला की बूथमधून, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीतून, बाहेर पडूनही तो सुटेलच असं नाही.

वासाच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. अत्तर लावून आलेल्या माणसाला प्रयोगशाळेत प्रवेश नाही. पुड्या मोजायचं नवं यंत्र आलं तेव्हा संचालकांनी पूजा ठेवली होती. बाईंनी नारळ चालवून घेतला, हळदीकुंकू चालवून घेतलं, पण अगरबत्ती म्हणाल्या फाटकाबाहेर. संचालक स्वतः खाली जाऊन फाटकाबाहेर अगरबत्ती ओवाळून आले. तिथल्या वॉचमनने त्यांना कशाची पूजा म्हणून विचारलं, तेव्हा ते दुसऱ्या मजल्याकडे बोट दाखवून म्हणाले, बाईंची.

निघोज्यात रक्त द्यायला कामगार तयार होईनात. सुईची भीती नव्हती, नाव फुटायची होती. आमच्याच एका भाड्याच्या खोलीत दिगंबर राहायचा, परभणीकडचा, एका लहान कारखान्यात रंगाच्या बूथमध्ये काम करणारा. सगळ्या रंगकामगारांत तो जुना आणि हात बसलेला, त्यामुळे त्याचा शब्द बाकीचे मानायचे. बाई आमच्या ओट्यावर बसून त्याच्याशी दोन तास बोलल्या.

"मॅडम, छातीत दुखायलंय हे कंपनीत कळालं तर मला ठेवत नाहीत बघा," तो म्हणाला.

बाईंनी कागदावर लिहून दिलं की नळीवर फक्त आकडा असेल, आणि कोणता आकडा कोणाचा ती वही त्यांच्या घरच्या कपाटात राहील. दिगंबरने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि बाही वर केली. त्याच्यामागून बाकीचे आले.

दर गुरुवारी आणि कामाच्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर आमच्या अंगणात रक्त घ्यायचं, नळ्या कापसात गुंडाळून डब्यात ठेवायच्या आणि गावातल्या ठरलेल्या रिक्षाने आकुर्डीला न्यायच्या, हे माझं काम. कंटेनरच्या रांगा आणि खड्डे चुकवत तास-दीड तास सहज जायचा. तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त आम्ही संस्थेतच घ्यायचो, कारकुनांचं, शिपायांचं. आईने एकदा हट्टच धरला. "एवढ्या दुनियेचं रगात घेतीस, माझं घे की. मला बी कळू दे काय हाय त्यात." मी तिचं समाधान म्हणून एक नळी घेतली.

वर्षभराने निकाल आला आणि तो डोळे दिपवणारा होता. रंगकामगारांच्या रक्तात पुड्यांचा नुसता पूर. संस्थेतल्या लोकांच्या रक्तात त्याचा काही अंशच. आलेखावर दोन गट इतके लांब पडले होते की मध्ये बोट ठेवता येईल. संचालकांनी पेढे आणले. शोधनिबंध लिहून झाला, एका मोठ्या नियतकालिकाकडे गेला. बाईंच्या नावानंतर माझं नाव होतं. त्या एका ओळीवर मला परदेशात पीएच.डी.ला जागा मिळणार होती, तसा पत्रव्यवहारही झाला होता.

बाईंचं तेवढं समाधान नव्हतं. आवडणारा निकाल आला की आधी त्याच्यावर संशय घ्यायचा, ही त्यांची जुनी खोड. त्यांनी माझी सगळी टिपणवही पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. एका दुपारी बोट ठेवून विचारलं, "हा नमुना बाद का केलास?"

मी सांगितलं, तो आईचा. अभ्यासातला नाहीच, गंमत म्हणून घेतला होता.

"पुड्या रंगकामगारांइतक्याच आहेत. आईला धाप लागते?"

आई तेव्हाही डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन माझ्यापेक्षा भरभर चालायची. रंगाच्या बूथचं तिने तोंडही पाहिलं नव्हतं. मी तसं सांगितलं. तो आकडा मी पाहिला होता. यंत्राची काहीतरी गडबड म्हणून सोडून दिला होता.

बाई चिडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला स्वतःचं रक्त काढायला लावलं, आठ नळ्या. चार टेबलावर ठेवल्या. चार डब्यात घालून, डबा मांडीवर घेऊन त्या आमच्या ठरलेल्या रिक्षात बसल्या. आकुर्डी ते निघोजे, निघोजे ते आकुर्डी. म्हातारी बाई बसलीय म्हणून रिक्षावाला खड्डे टाळायला लागला, तर त्याला म्हणाल्या, जपून नको, रोजच्यासारखी चालव. परत आल्यावर आठही नळ्या यंत्रात घातल्या.

टेबलावर राहिलेलं रक्त निरोगी माणसाचं होतं. रिक्षातून फिरून आलेलं रक्त आमच्या आलेखाप्रमाणे पक्क्या दमेकऱ्याचं होतं.

"एका सकाळीत मला दमा झाला," बाई म्हणाल्या.

कारण नंतर उलगडलं. रक्तातल्या प्लेटलेट्स फार हळव्या असतात. हादरे बसले, उशीर झाला की त्याही पुड्या सोडतात, पोत्याने. आम्ही वर्षभर मोजला होता तो निघोजे-आकुर्डी रस्ता. संस्थेतल्या लोकांचं रक्त दोन खोल्या ओलांडून यायचं, कामगारांचं खड्ड्यांतून. दोन गटांतला तो देखणा फरक बराचसा त्याचाच होता.

बाईंनी त्याच संध्याकाळी नियतकालिकाला पत्र लिहून निबंध मागे घेतला. संचालकांनी समजूत घातली, शेवटी एक परिच्छेद जोडून भागेल म्हणाले. मीही भांडले. म्हटलं, थोडा तरी फरक खरा असेलच, सगळं कशाला टाकायचं. मला माझी जागा दिसत होती.

त्यांनी मला खाली बसवलं. म्हणाल्या, "हा आलेख वाचून कुठलातरी डॉक्टर धडधाकट माणसाला दमेकरी ठरवेल आणि त्याचं काम जाईल. आणि ज्याला खरंच आहे, त्याचं रक्त चांगल्या रस्त्याने आलं तर तो निरोगी ठरेल. तू आईचा आकडा बाद केलास, मी तुझी वही वर्षभर तपासली नाही. दोघींचं मिळून झालं. आता दोघींनी मिळून निस्तरायचं."

माझी परदेशातली जागा गेली. आठ दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. त्यांनी ते चालवून घेतलं.

पुढच्या गुरुवारी त्या निघोज्याला आल्या. आमच्या अंगणात सगळ्या रंगकामगारांना बसवून त्यांनी काय चुकलं ते सांगितलं, रिक्षाची फेरी, स्वतःचं रक्त, सगळं. मला वाटलं होतं लोक हसतील किंवा उठून जातील. एकजण म्हणाला, म्हणजे वर्षभर फुकट टोचलं का आम्हाला. बाई म्हणाल्या, हो, तेवढं फुकट गेलं. त्याची माफी मागायला आलेय.

दिगंबर मागे भिंतीला टेकून बसला होता. "म्हंजे मला दमा नाही म्हणा की," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आशा होती.

बाई त्याच्यासमोर जाऊन उकिडव्या बसल्या. "माझी चाचणी चुकली, दिगंबर. तुझी छाती नाही चुकली."

त्यांनी पिशवीतून फुंकणी काढून त्याच्या हातात दिली. महिनाभर रोज चार वेळा फुंकायचं आणि आकडा लिहायचा, गुरुवार सोडायचा नाही. दिगंबरने तो महिना नेमाने पाळला. कागदावर रेषा काढली तेव्हा ती दर गुरुवारी वर चढत होती आणि शुक्रवारपासून पायरी-पायरीने खाली येत होती. त्यासाठी ना पुड्या लागल्या ना यंत्र. बाई तो कागद कितीतरी वेळ बघत होत्या. मला म्हणाल्या, हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, पण मला मोठं काहीतरी शोधायचं होतं ना.

दिगंबरची परवानगी घेऊन त्या त्याच्या कारखान्याच्या मालकाकडे गेल्या. मीही बरोबर होते. मालक तसा सरळ माणूस, पण त्याच्या कानावर सगळी हकिगत आली होती. बाई, तुमचं मशीनच चुकलं होतं म्हणे, असं तो म्हणाला.

"चुकलं होतं. गावभर ते मीच सांगितलं," बाई म्हणाल्या आणि कागद त्याच्यासमोर पसरला. "यात मशीन नाही. हे गुरुवार आहेत. हे बाकीचे वार. तुमच्या हातानेच बोट फिरवून बघा."

मालकाने खरोखरच बोट फिरवलं. मग म्हणाला, स्वतःची चूक स्वतःच गावभर सांगणाऱ्या माणसाला मी खोटं कसं म्हणू? पंधरा दिवसांत दिगंबर बूथमधून जोडणीच्या विभागात गेला. पगार तोच राहिला. बूथमध्ये बाहेरून ताजी हवा येणारे मुखवटे आले, ते यायला मात्र आणखी सहा महिने आणि बाईंच्या अनेक खेपा लागल्या.

पुड्यांचं काम आम्ही पुन्हा शून्यापासून मांडलं. रक्त आकुर्डीला नेण्याऐवजी सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्त गरगर फिरवून पेशी तळाला बसवायचं यंत्र, आमच्या घरी आलं. जनावरांची पेंड ठेवायच्या खोलीत सारवण काढून फरशी बसवली. अंगणात रक्त घेतलं की दहा मिनिटांत ते फिरवून व्हायचं. सगळ्यांचं एकाच जागी, कारकुनांना आणि शिपायांनासुद्धा आम्ही गाडीत घालून निघोज्याला आणायचो. आई त्या यंत्राची राखणदार. आणलेल्या कारकुनाने चपला घालून आत पाय टाकला की ती ओरडायची, "बाहीर काढ त्या. बाईस्नी चालत न्हाई."

तीन वर्षं लागली. प्लेटलेट्सच्या पुड्या कोणत्या आणि श्वासनळीच्या अस्तरातून सुटलेल्या कोणत्या, हे त्यांच्या वेष्टनावरून ओळखायला आम्ही शिकलो. फरक निघाला. पहिल्यासारखा डोळे दिपवणारा नाही, दोन्ही गट एकमेकांत बरेच मिसळलेले, पण फरक होता आणि तो दर वेळी पुन्हा सापडत होता. मी पीएच.डी. त्याच्यावरच केली, इथेच राहून. नव्या शोधनिबंधाचं पहिलं पान बाईंनी आमच्या चुकीवर लिहिलं. पुढे परदेशातून पत्रं आली, ती बहुतेक त्या पहिल्या पानाविषयीच होती.

दिगंबर बूथमधून निघाला तेव्हा त्याची जागा त्याच्या धाकट्या भावाला, मारुतीला मिळाली होती. मारुतीचं नवीन लग्न झालेलं. तब्येत ठणठणीत, फुंकणीचा काटा गुरुवारी आणि शुक्रवारी सारखाच. आमच्या तिसऱ्या वर्षाच्या नमुन्यांत मात्र, बूथमध्ये मुखवटा लावत असूनही, त्याच्या रक्तातल्या पुड्या हुबेहूब दिगंबरसारख्या निघाल्या.

बाई आठवडाभर अस्वस्थ होत्या, इतक्या की लोकांना गुरुवारचं विचारायलाही विसरल्या. चाचणी अजून सिद्ध झालेली नव्हती. एका माणसाच्या निकालावरून काही सांगू नये, हे त्यांनीच आम्हाला हजार वेळा बजावलेलं. आणि आमची पहिली घाई काय करून बसली असती हे त्या विसरल्या नव्हत्या. दुसरीकडे, मारुती बूथमध्ये राहिला तर वर्ष-दोन वर्षांत आमची चाचणी खरी की खोटी याचं अगदी स्वच्छ उत्तर मिळणार होतं. मी ते बोलूनही दाखवलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

संस्थेच्या समितीची परवानगी काढून त्या निघोज्याला आल्या आणि दोन्ही भावांना समोर बसवलं. म्हणाल्या, "मारुती, मला खात्री नाही. मी याआधी एकदा चुकलेय, तेही तुम्हाला माहीत आहे. पण तू माझा भाऊ असतास तर मी तुला उद्यापासून बूथमध्ये जाऊ दिलं नसतं."

मारुती हसण्यावारी नेत होता. दिगंबरने त्याच्याकडे पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाला, "मी रात्री बसून झोपतो, हे तू बघितलंयस." मालकाला सांगायचं कामही त्यानेच अंगावर घेतलं.

मारुतीने फोर्कलिफ्टचं लायसन काढलं. आता तो त्याच कारखान्याच्या गोदामात माल उचलतो, दोन मुलांचा बाप आहे. दिगंबरची धाप पूर्ण गेली नाही, पण त्याला आता आडवं झोपता येतं. बाई मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी आम्ही दोघी नमुन्यांची वही शेवटची चाळत होतो. प्रत्येकाच्या आकड्यापुढे नंतर काय झालं ते लिहिलेलं होतं, एकट्या मारुतीपुढे जागा मोकळी होती. त्याला दमा होणार होता आणि टळला, की मुळात होणारच नव्हता, हे कळायचा मार्ग आता उरला नव्हता. मी बाईंना म्हटलं, एवढ्या सगळ्यात या एकाच प्रश्नाचं उत्तर आपल्याला कधी मिळणार नाही.

"नाही मिळणार," बाई म्हणाल्या आणि वही मिटली. "तेच तर मला हवं होतं."